दाराची उजवी बाजू

आणि म्हणे मी कुठलंच काम तडीला नेत नाही! मामा, तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं, मग शेजारच्या खाटेवरच्या रंगाऱ्याकडूनही वाचून घेतलं, न जाणो माझ्याच वाचनात खोट असेल. नव्हती. आठवी सोडली, कबूल. तुमचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान सोडलं, तेही कबूल (दिवसभर जगाचं वजन बरोबर करायचं आणि आपण जागचं हलायचं नाही, हे माझ्या पायांना जमेना). ट्रकवर क्लीनर होतो ते मात्र मी सोडलं नाही, ट्रकच खड्ड्यात गेला. असो. भांडणाच्या भरात नमस्कार राहिला, तो आता घ्या आणि अर्धा मामींना द्या. गुडघा कसा आहे? आईचा खोकला उतरला का? मी ठणठणीत आहे. फक्त खोलीत शिरल्यावर आणखी एक दार ओलांडावं लागतं, त्याचं कारण पुढे येईल.

सुतारांच्या हाताखाली लागलोय एवढंच मी कळवलं होतं. कुठे, ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुमच्या विद्यापीठात, मामा. बास्केटबॉलचा जुना हॉल पाडून नवा उभारतायत. आधी सांगितलं असतं तर उलट टपाली तुमची फायनल आली असती, आणि ती मला तोंडपाठ आहे: एक मिनिट उरलेलं, एका गुणानं मागे, बॉल तुमच्या हातात, आणि मग सगळा हॉल उभा. लहानपणी जेवताना ती ऐकून मी दोन घास जास्त खायचो, म्हणून आई ती तुम्हाला पुन्हापुन्हा सांगायला लावायची.

पहिल्याच दिवशी फळ्या वाहत होतो, तर सामानाच्या खोलीपुढे स्टुलावर एक म्हातारा बसलेला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि ज्या खोल्यांच्या त्या किल्ल्या, त्यांना छप्पर उरलेलं नाही. त्यानं माझ्याकडे नाही, माझ्या मानेकडे पाहिलं. "ही मान कुठून आणलीस रे? बगळ्याचा कोण तू?" मी म्हटलं, कोण बगळा? तर म्हातारा उठून दारापाशी गेला, 'बगळा' लिहिलेल्या एका रेघेवर बोट ठेवलं आणि तुमचं नाव घेतलं. मामा, तुम्हाला बगळा म्हणायचे हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत!

हे तुमचे किल्लेदार. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रोज आठला हजर. टीमचा सगळा इतिहास त्यांच्या तोंडात आहे आणि दात नसल्यामुळे तो अडत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी बसू लागलो. म्हणे टीम काढली ती रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी. त्यांनी हा खेळ फक्त फोटोत पाहिलेला. फोटोत बॉल टप्पा खात नाही, त्यामुळे टप्पा मारत पळायचं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पिंपाच्या कड्या खांबांना ठोकल्या, पोरं बॉल छातीशी धरून सशासारखी पळायची. पहिल्या सामन्याला पाहुणी टीम आली, तिनं अडुसष्ट गुण केले. आपले दोन. तेही पाहुण्यांतल्या एकानं, चुकून की दया येऊन कोण जाणे, आपल्या बाजूनं टाकले. प्राध्यापकांनी त्या दोन गुणांसाठी सगळ्यांना चहा पाजला. पुढची चार वर्षं एकही सामना जिंकला नाही, पण चहा चुकला नाही. (हे सांगताना किल्लेदार इतके हसले की जुडगा वाजायला लागला.)

आणि ते दार. नवा मुलगा आला की किल्लेदारांनी त्याला अनवाणी दाराला टेकवायचं, डोक्यावर पुस्तक धरायचं आणि पेन्सिलीनं रेघ मारायची. डावीकडे आल्याची, उजवीकडे टीम सोडून जातानाची. नावं लिहायची पद्धत नाही, टोपणनावं: शिडी, उंट, धाकटा उंट, मुनीम. एक पोरगा दारात मावला नाही, त्याची रेघ भिंतीवर गेली. परवा भिंत पाडली, तेव्हा किल्लेदारांनी त्या पोराला दोन मिनिटं उभं राहून निरोप दिला. मीही घमेलं खाली ठेवून उभा राहिलो.

बगळा डावीकडे आहे. उजवीकडे नाही.

मी कारण विचारलं. ते आता तुम्हालाच काय सांगायचं? पण पहिल्यांदा ऐकणारा मी होतो, तेव्हा लिहितो. फायनलच्या आधीच्या आठवड्यात सराव चालू असताना घरून तार आली, आजोबा गेल्याची. तुम्ही अंगातली नऊ नंबरची बनियन काढली, घडी घालून किल्लेदारांना दिली. त्यांनी पेन्सिल काढली तर तुम्ही म्हणालात, "आत्ता नको. मी काय कायमचा चाललोय? आठ दिवसांत येतो." त्याला छत्तीस वर्षं झाली. आई तेव्हा किती वर्षांची होती ते मी बोटांवर मोजलं. नऊ. मग मला दुकान आठवलं, तो काचेआडचा मोठा काटा, आणि तुमचा तो आवाज: "अर्धवट सोडू नये रे." मी फळी उचलून बाजूला गेलो, डोळ्यांत भुसा गेला होता.

फायनल झाली, तीही ऐका. टीम सातांची. दोघांना गालगुंड, एक तुम्ही. उरले चार. पाचवा कोण? तर किल्लेदार! उंची सव्वापाच फूट, तुमची बनियन गुडघ्यापर्यंत. पंच गणिताचे सर होते, चष्म्याशिवाय. एकतीस गुणांनी हरलो. पण दुसऱ्या अर्ध्यात कुणी जोरात मारलेला बॉल किल्लेदारांच्या डोक्यावर आपटला आणि थेट कडीत! नऊ नंबरला दोन गुण, म्हणजे कागदावर तुमच्या नावावर. तेव्हा फायनलमध्ये बास्केट टाकली हे तुमचं सांगणं खोटं नाही मामा, फक्त तुम्ही तिथे नव्हतात. मी किल्लेदारांना म्हटलं, मामा असंच सांगतात. ते म्हणाले, "सांगू दे. गुण त्याचेच. बनियन कुणाची होती?"

आता अडलंय ते असं. नव्या हॉलच्या उद्घाटनाला टीमच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय. इतिहासाच्या एक बाई ते लिहितायत. तुमच्या वर्षाची वही टाकी गळून लगदा झाली. त्या वर्षाची माहिती फक्त किल्लेदारांना, आणि बाईंपुढे ते तोंड उघडत नाहीत. मला सांगितलं ते बगळ्याचा भाचा म्हणून, छापायला नाही, अशी ताकीद आहे. "अर्धी नोंद मी देत नाही. आधी बगळ्याला दाराला लावा." बाईंनी विनवलं, रागावल्या, पेढ्यांचा पुडा आणला (तो मी आणि रंगाऱ्यानं संपवला). म्हातारा ढिम्म. पंचवीस तारखेला पुस्तक छापायला जातंय. तोवर रेघ झाली नाही तर त्या वर्षापुढे 'माहिती उपलब्ध नाही' एवढंच छापतील: तुम्ही, उंट, मुनीम, दोन्ही गालगुंडवाले, सगळे गायब.

दरम्यान मुकादमानं दार भंगारात घातलं. ते मी पाठीवर घेऊन दोन जिने चढवून खोलीत आणलंय. खोली एवढीशी, ते मधोमध आडवं उभं राहतं. रंगारी रोज सकाळी त्यावर टकटक करतो आणि विचारतो, "येऊ का आत?" मी म्हणतो, "पाय पुसून या."

तुम्ही यायलाच हवं असं मी म्हणत नाही. गुडघ्याचं दुखणं, दुकान, एवढा प्रवास. तुम्ही सुखात राहा. सगळ्यांना आठवण सांगा.

तुमचा,
तडीला न नेणारा भाचा

ता. क. : या. दुकान चार दिवस बंद राहिलं तर जगाचं वजन काही बिघडत नाही. वयानं इंचभर खचला असाल तरी किल्लेदार म्हणतात चालेल, रेघ ती रेघ. पेन्सिल ते रोज खिशात घालून येतात. हल्ली त्यांचा हात कापतो, म्हणून घाई.

दुसरा ता. क. : मुकादम म्हणाला, दार ठेव नाहीतर काम ठेव. तेव्हा ते कामही गेलं. पण हे सोडलं म्हणू नका, पंचवीस तारखेपर्यंत मी दाराच्या कामावर आहे.

तिसरा ता. क. : शेवटच्या पगारातून गाडीभाडं पाठवतोय. फक्त येण्याचं. परतीचं मुद्दाम पाठवलं नाही, इथून घाईनं निघून जायची तुमची सवय मला कळलीय. सहाशे चाळीस रुपये.