शेवटच्या गाडीचे मास्तर

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! बंद पडलेल्या या स्टेशनाचा इतिहास लिहायला रेल्वेखात्याने मला मास्तरांची कचेरी पंधरा दिवस राहायला दिली आहे. शाळेतून रजा, नवऱ्याच्या घोरण्यातूनही रजा! खिडकीसमोर फलाट, रुळांत कमरेएवढं गवत. दिवसभर झाडलोट करून कंबर मोडली.

इथले शेवटचे मास्तर म्हणजे माझे बाबा. बत्तीस वर्षांपूर्वी मार्ग बंद झाला त्या दिवशी ते ड्यूटीवर गेले, ते परत आलेच नाहीत. मी पाच वर्षांची होते. आई आयुष्यभर त्यांना पळपुटा म्हणाली, आणि ते येतील म्हणून घरही बदललं नाही. मागच्या महिन्यात ती गेली. बाबा का आले नाहीत, एवढंच मला कळायला हवं. इतिहास काय, होईल लिहून.

५ नोव्हेंबर
जुने गेटमनकाका भेटले. कानाने जरा अधू, पण आठवण लख्ख. इथे एकच रूळ. इकडे गाडी सोडण्याआधी शेजारचं स्टेशन तारेवरून घंटा देऊन विचारायचं, इथला मास्तर घंटेनेच होकार द्यायचा. होकार दिला की गाडी येईपर्यंत जागा सोडायची नाही. सोडायचीच तर दुसऱ्याला चार्ज देऊन, नोंदवहीत त्याची सही घेऊन.

शेवटच्या दिवशी बाबांनी होकार दिला आणि तिकडे गाडीच रद्द झाली. निरोपाच्या भाषणांच्या नादात तिकडचा मास्तर रद्दची घंटा द्यायला विसरला. काका म्हणाले, चला घरी, पण बाबा ऐकतील तर शपथ. सकाळी काका आले तेव्हा कचेरी रिकामी होती. मला आधी हसू आलं, मग रडू.

७ नोव्हेंबर
कपाटात नोंदवही सापडली. बाबांचं गोल अक्षर. शेवटच्या दिवशी लिहिलंय, गाडी आलेली नाही, थांबलो आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. पानं उलटत गेले. रोज तेच, बत्तीस वर्षं.

शेवटची नोंद आजची आहे. शाई बोटाला लागली.

८ नोव्हेंबर
कुणाची तरी चेष्टा असणार. काकांना चांगलं झापलं. ते बिचारे म्हणाले, मला कुठे लिहिता येतं? नवऱ्याला फोन केला. आत्ताच्या आत्ता निघून ये म्हणाला. निघू कशी?

१० नोव्हेंबर
खुर्ची गरम. मी बसलेच नव्हते.

नोंदीखाली आज एक जास्तीची ओळ आहे. चार्ज घ्यायला कुणी आलं तर घरी जाईन, पोरगी जेवायची थांबली असेल.

बाबा, तुम्ही पळाला नव्हतात हो.

११ नोव्हेंबर, दुपारी तीन
सही केली. चार्ज घेतला.

खुर्चीतून उठले. बाबा. माझ्याहून तरुण. डबा उचलला, मला बाई म्हणाले, आभार मानले. ओळखलं नाही. कसं ओळखणार, मी तर एवढीशी —

म्हणाले, फार उशीर झाला, बायको रागावली असेल.

आई गेल्याचं सांगायचं राहिलं. ते निघाले. फलाटावर आहेत अजून. मी धावत गेले, पण उंबऱ्यापुढे पाय पडत नाही — तीनदा — चार्ज माझ्याकडे —

हाका मारतेय, वळत नाहीत. किती भराभरा चाललेत. आईच्या घराला कुलूप मीच लावून आले. आत कुणी — बाबा, अहो बाबा, आई आता —