क्लॅरोनेटचा दोष नव्हता

बाबा, या वयात मी दातांना तार बसवून घेतली आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता, मग मला उजेडाकडे तोंड करून बसवलं असतं आणि क्लॅरोनेटच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती निरखायचात तसं निरखून पाहिलं असतं. पिंपळगाव राजाच्या शाळेत माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. तार घालून गेले त्या पहिल्याच दिवशी फळ्याकडून वळले तर पुढच्या बाकावरची मुलगी शेजारणीला सांगत होती, "मॅडमले बी तार बसवली, माह्या ताईवानी." मला इतकं हसू आलं की ज्यांना दिसली नव्हती त्यांनाही ती तार दिसली.

हौस म्हणून नाही बसवली. खालचे दात वर टाळूला टोचायला लागले होते, भाकरी खाताना तिथली कातडी सोलून निघायची. म्हणून खामगावला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण घाई नाही. वरचे दात केव्हापासून पुढे आहेत, असं त्यांनी विचारलं आणि मी सवयीनं सांगून टाकलं की लहानपणी वडिलांचं क्लॅरोनेट वाजवायचे, त्यानं आले.

आपल्या घरात ते ठरूनच गेलं होतं ना. मेहकरची आपली ओसरी आहे, लग्नसराई संपलेली, बॅण्डचा लाल कोट खुंटीला टांगलेला. तुम्ही मला समोर बसवून क्लॅरोनेट हातात देता. मी जीव खाऊन फुंकते, वरचे दात त्या काळ्या तोंडावर रोवते, आणि तुम्ही माझ्या हनुवटीला बोट लावून म्हणता, "चावू नको, माय. फुंक." आत आई भाकरी थापते आहे. एका संध्याकाळी माझ्याकडून गाण्याची एक अख्खी ओळ न तुटता निघाली आणि आतली थापथाप थांबली. तुम्ही आतल्या दाराकडे पाहून हसलात. तेवढी शाबासकी मला पुढे डी.एड.च्या निकालालाही मिळाली नाही.

मग लोणारची मावशी आली. जेवता जेवता तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की पोरीचे दात बापावानी पुढं येऊन राह्यले, उद्या पाहुणे येतीन तं काय सांगान. दुसऱ्या दिवशी आईनं जाहीर केलं, बाजा घरात राहणार नाही. तुम्ही आधी पुष्कळ भांडलात. मग मला दिव्याजवळ नेऊन माझे दात पाहिलेत आणि भांडण सोडून दिलंत. "माह्याच बाजानं बिघडवले तुह्ये दात," एवढंच म्हणालात. क्लॅरोनेट स्टँडजवळच्या बॅण्डच्या दुकानात राहायला गेलं. जत्रेतून तुम्ही मला बुलबुलतरंग आणून दिलंत. "याले दात लागत नाही, बोटं लागते." मी ते असं बडवलं की आठवड्याभरात आईच म्हणाली, यापेक्षा तो बाजा बरा होता. पण तुम्ही काही तो परत आणला नाहीत. पुढे मी मोठ्यानं हसले की तुमची नजर माझ्या दातांवर जायची आणि खाली वळायची. माझ्या लग्नात तुमच्याच बॅण्डची माणसं वाजवत होती, तुम्ही मात्र रिकाम्या हातांनी मांडवात उभे होतात.

तर डॉक्टरीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांनी समजावलं ते असं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांची गादी असते. तार दाताला हळू रेटत राहते. ज्या बाजूला दात रेटला जातो तिकडचं हाड झिजतं, मागे जागा होते तिथं नवं हाड भरतं, आणि दात हाडातून वाट काढत सरकतो. मी विचारलं, तार जोरात आवळली तर लवकर होईल का? त्या म्हणाल्या, उलट. फार दाबलं तर गादीतलं रक्त थांबतं आणि दात अडून बसतो. जोर हलका हवा, पण तासन्‌तास, रोज टिकणारा.

"मग संध्याकाळी तासभर वाजवून?"

"तेवढ्यानं असे दात पुढे येत नाहीत. दिवसभर वाजवणाऱ्यांचे थोडे सरकत असतील, वडिलांचं मी सांगू शकत नाही. तुमचा खालचा जबडा मुळातच मागे आहे. त्यामुळे खालचा ओठ वरच्या दातांमागे जाऊन बसतो आणि चोवीस तास त्यांना बाहेर ढकलतो. आत्ताही बसलाय बघा."

खरंच बसला होता. मी ओठ सोडवून घेतला आणि दोघीही हसलो.

त्याच रविवारी एसटीनं मेहकरला गेले. आई भावाकडे असते, ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, सगळ्या गल्लीला कळलं. आई बराच वेळ गव्हातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "मंग मी उगाच भांडली त्याहिच्यासंग." मला वाटलं आता रडेल. तर तिनं सूप झटकलं आणि म्हणाली, "तरी बरं, शेजाऱ्याचे कान वाचले."

बाबा, तुमच्या बाजानं काहीही बिघडवलं नव्हतं. हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं, म्हणून लिहिते आहे, कुठं पाठवायचं ते माहीत नसताना. माझे दात आता मागे सरकू लागलेत, भाकरी सुखानं खाते, वर्गात पोरं तारेवरच्या रबरांचा पुढचा रंग विचारतात. पण एक आहे. अजूनही कोणी विचारलं की दात पुढे कशानं आले होते, तर मी जबड्याचं काही सांगत नाही. सांगते, माझे वडील क्लॅरोनेट वाजवायचे, त्यांनी मला शिकवलं होतं, त्यानं.