विनू खरंच तेवढा चांगला वाजवायचा का?

सोम., १२ नोव्हें.
भोपाळहून आलेले फायलींचे गठ्ठे सोडता सोडता ऑफिसातच सहा वाजले. घरी आली तर दारात एक पोट्टी उभी. विनूची पल्लवी! तो गेला तेव्हा दीड वर्षाची होती. हनुवटी डिट्टो बापाची. ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा अन् मी गायची, हे तिले कोणी तरी सांगतलं. चहाही घेतला नाही, एकदम म्हणे, "आंटी, सच बताइए. पापा अच्छा बजाते थे क्या?"
तिच्या घरी काका सांगते, गिटारपायी रेल्वेची नोकरी घालवली, बाकी काही नाही. आई तर विषयच काढू देत नाही.
मी म्हटलं, "तुझ्या बापासारखा वाजवणारा मी अजून पाह्यला नाही."
"मरने वाले के बारे में सब ऐसा ही बोलते हैं." गेली.

मंगळ., १३
दिवसभर तेच डोक्यात. खोटं तर नाही बोलली मी?
तेव्हा बावीस वर्षांची होती. ऐकलंच काय होतं आम्ही? अख्ख्या रायपुरात इलेक्ट्रिक गिटार म्हणजे विनू. तुलनेले दुसरा होताच कुठे. हार मले, शाल मले. तो मागे, ड्रमच्या बाजूले, तारांकडे पाहत. एकतिसाव्या वर्षी काविळीनं गेला. पेपरात दोन ओळी, 'स्थानिक वादक'. कोणतं वाद्य तेही नाही.
ह्यांले विचारलं, तुम्ही तर ऐकलं होतं ना त्याले?
"मी तुले पाह्याले यायचो. गिटारकडे कोण पाह्यते!"
घ्या.

शुक्र., १६
ऑफिसातून परस्पर जुन्या वस्तीत, बूढ़ापाऱ्यात. आमचे माईक लावायचे ते रज्जूभैया अजून दुकानात बसतात. ऐकू कमी येते. विनूचं काही रेकॉर्ड केलेलं आहे का, तिसऱ्यांदा ओरडून विचारलं तेव्हा म्हणे, "हव दीदी, एक कैसेट होही. गणेश पंडाल वाला." असेल एखादी, शोधून ठेवतो, परवा या म्हणाले.

रवि., १८
कॅसेट मिळाली. वर फक्त माझं नाव लिहिलेलं. विनूचं कुठेच नाही.
आलमारीत साड्यांखाली ठेवली. आज नको.

बुध., २१
अजून ऐकली नाही. हे म्हणाले, "अंडी घालणार हाये काय ते कॅसेट?"
भीती वाटून राहिली, खरं तेच लिहिते. साधारणच निघाला तर? पोट्टीले काय सांगू? अन् मी? अठरा वर्षं लग्नकार्यात, ऑफिसात, जो भेटेल त्याले सांगत आली की असा माणूस होता, कोणी ओळखला नाही म्हणून. मीच वाढवून ठेवलं असलं तर...
पल्लवीले फोन केला. रविवारी ये. आधी एकटीनं ऐकायची नाही असं ठरवलं. जे असेल ते दोघी ऐकू.

शनि., २४
टेपरेकॉर्डर चालेना. सदर बाजारात नेऊन बेल्ट बदलला.

रवि., २५
पल्लवी तीनले आली. टेपजवळ बसलो दोघी. आधी पाच मिनिटं नुसत्या घोषणा, कोणाची सायकल, कोणाचं हरवलेलं लेकरू. मग मी.
देवा! किती साधी गायची मी. सूर धरायच्या आधी श्वास ऐकू येते. पल्लवी माझ्याकडे पाहेना.
अन् मग दुसऱ्या अंतऱ्याआधीचा त्याचा पीस, नुसत्या गिटारचा. पीस संपला, आता माझी जागा. मी नाही! शब्द विसरली. मले हे आजपर्यंत आठवतच नव्हतं. त्यानं पुन्हा तोच पीस घेतला, पण वेगळा. वरच्या सुरात. मी अजून गप्प. तिसऱ्यांदा तार अशी ओढली की माणूस रडतो वाटलं. चौथ्यांदा इतका जलद, इतका साफ, की एकही सूर दुसऱ्याले घासत नाही. अन् शेवटी हळूच माझ्या पहिल्या शब्दाची चाल वाजवून देली. मी उचलली. पब्लिकनं टाळ्या पिटल्या. मले!
मी हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले. अठरा वर्षं मी त्याले मोठं करून सांगत नव्हती, उलट कमीच सांगतलं.
पल्लवीनं टेप मागे नेली. चारदा ऐकलं. मग म्हणे, "आंटी, आप भूल गई थीं ना? पापा ने किसी को पता नहीं चलने दिया."
मले भी नाही, म्हटलं.
कॅसेट घेऊन गेली, आईले ऐकवाले.
 भाजीत मीठ विसरली, ह्यांनी चूपचाप खाल्ली.

गुरु., २९
फोन नाही. पल्लवीच्या आईनं, शालूवहिनीनं ऐकलं की नाही कोण जाणे. काहून दिली मी कॅसेट, असंही वाटून गेलं. पण ती त्यांचीच होती.

रवि., २ डिसें.
सकाळी फोन. पल्लवी असेल म्हणून उचलला, तर शालूवहिनी. विनू गेल्यापासून पहिल्यांदा. 
"ऐकलं," म्हणे.

"मले कधी कार्यक्रमाले नेलं नाही त्यानं. सासूबाई पाठवत नव्हत्या. घरी नुसतं टुंग-टुंग करायचा, अँप्लिफायरशिवाय. मी म्हणायची, बंद कर ते." मग एकदम विचारलं, 
"अजून एखादी कॅसेट आहे का कुठं?"
माहीत नाही, म्हटलं. रज्जूभैयांचं जुनं सामान दुर्ग शहरात त्यांच्या साळ्याकडे पडलं आहे म्हणतात. विचारते.
"विचार. मी पण येते संगं."