खेमा की स्वरा

बुधवार, संध्याकाळ

काल लिहिलं ते थोडं चुकलं. अंगणवाडीत मॅडमनी "स्वरा" अशी हाक मारली तेव्हा तीन मुली उभ्या राहिल्या, असं मी लिहिलं. स्वरा दोघीच होत्या. तिसरी नुसती बहिणीचा हात धरून उठली. पण दोघी तरी कमी आहेत का, नार्नूरसारख्या गावात?

आणि नणंदबाईंनी, शीतलताईंनी, माझ्या बाळासाठी नेमकं स्वराच ठरवलंय. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, मग मी काय बोलणार. मंचेरियलहून रोज फोनवर स्वरा म्हणून हाक मारतात, इतक्या मायेनं की माझं तोंडच उघडत नाही. मला खेमा हे नाव आवडतं. इथं एकही खेमा नाही.

आज सासूबाईंना सांगून टाकलं. त्या बाळाला तेल लावत होत्या.

"मंग तुया नंदेले सांग नं. मले काऊन सांगून राह्यली?"

"ताईंना वाईट वाटेल."

"आमच्या गल्लीत चार सुजाता होत्या. एकबी हरवली नाही."

हसू आलं मला. तरी ती तिसरी मुलगी डोळ्यांसमोरून जात नाही. दुसरीच्या नावावर उठलेली. आपली पोरगीही तशीच उठेल? की धरायला हात होता, तेवढं पुरे?

रविवारी बारशाला ताई बाळाच्या कानात जे सांगतील तेच नाव, ते मी मनापासून घेईन. पण त्याआधी खेमा मी त्यांच्या कानात सांगणार. त्या येतील त्याच दिवशी, चहा झाला की. शनिवारी.