सेकंड नाही, वापरलेला

आप्पा, मान खाली घालून मी काचेत बघत होते आणि समोरचा माणूस काही केल्या मधोमध येत नव्हता. ज्या बाजूला तो दिसे त्या बाजूला कॅमेरा वळवला की तो आणखी लांब जाई. या जातीचा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरतात, वरचं झाकण उघडतात आणि आत दुधी काचेवर पडलेलं चित्र वरून बघतात. त्या चित्रात डावं उजवीकडे असतं. समोर खुर्चीत बसलेले काका, ज्यांचा हा कॅमेरा, हसायला लागले. "ऊंधुं छे, बेन. टेव पडी जशे." उलटं दिसतं, सवय होईल. रांदेरला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो होतो. दुपार होती. त्यांच्या पायाशी पत्र्याची पेटी उघडी होती आणि तिच्यात तीन लेन्स, रोल भरायचे दोन डबे, एक पट्टा, सगळं जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेलं.

आयुष्यभर त्यांनी याच कॅमेऱ्यावर लग्नं काढली, व्यापाऱ्यांच्या आईवडिलांचे भिंतीवर लावायचे फोटो काढले. आता दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. विकायचं तर सगळं एकत्र, म्हणाले. ते बरोबरच आहे. एकदा या कंपनीच्या घरात पाऊल टाकलं की दुसऱ्या कुठल्याही कंपनीची लेन्स त्यावर बसत नाही. कॅमेरा घ्यायचा म्हणजे त्याचं सगळं सासर घ्यायचं. रुंद रोल, एका रोलवर बाराच फोटो, आणि ते धुऊन घ्यायला सुरतेत माणूस शोधावा लागेल. मी पेटीतली एकेक वस्तू हातात घेऊन बघत होते. विचारलं, "काका, सेकंडमध्ये देताय, काही खोट तर नाही?" त्यांनी चष्मा काढला. "सेकंड नथी, बेन. वपरायेलो छे." सेकंड नाही, वापरलेला आहे. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "हुं पण वपरायेलो छुं." त्यांची बायको आतून ओरडली, "तमने कोई नहीं ले!" तुम्हाला कोण घेणार. आम्ही तिघं हसलो. मग मी हातातली लेन्स परत धोतराच्या तुकड्यात गुंडाळली.

तुमच्या तोंडी सेकंड हा एकच शब्द होता आणि त्याचा एकच अर्थ होता. पलसाण्याच्या मिलमध्ये चेकिंगच्या टेबलावर तुम्ही उभे. छापलेलं कापड समोरून सरकतंय, खालून ट्यूबलाइटचा उजेड, आणि तुमच्या बोटांत खडू. डाग पडलाय, तार तुटली आहे, छपाई सरकली आहे, की खडूची फुली. फुली नसलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, फ्रेश, फुली असलेला सेकंड. सेकंड कापड तुम्ही घरात येऊ दिलं नाही. लिंबायतमध्ये आपल्या गल्लीत सगळ्या बायका सेकंडच्या साड्या नेसत. आई नेसली नाही. मला त्याचा अभिमान होता, तो अजून आहे. पण कॉलेजात असताना एका स्टुडिओवाल्याकडून मी वापरलेला छोटा कॅमेरा आणला तेव्हा तुम्ही पानावर बसला होतात. कुठून आणला, म्हणालात. मी म्हणाले, सेकंड आहे, चांगला चालतो. तुमचा घास हातातच राहिला. "मी दिनभर सेकंड बाजूले काढस, आनि तू घरमा लई उनी?" मी सांगत राहिले की सेकंड म्हणजे खराब नव्हे, सेकंड हॅण्ड, कुणीतरी आधी वापरलेला. तुम्ही म्हणालात, वापरलेला म्हणजे आधीच्याने काहीतरी बघूनच सोडला ना. दुसऱ्या दिवशी मी तो परत देऊन आले. तुमच्या त्या वाक्याला आज उत्तर आहे. आधीच्याने सोडला कारण त्याला मोतीबिंदू झाला. माणसं वस्तू सोडतात त्याची कारणं बहुतेक वेळा माणसांत असतात.

आणि दुसरं. मी नवऱ्याचं घर सोडून आले त्या वर्षी मामा स्थळ घेऊन आला होता. तुम्ही दोघं बाहेर खाटेवर, मी आणि आई आत. मी चहा गाळत होते. मामा सांगतोय, मानूस चांगला शे, बायको वारली, एक पोऱ्या शे, बस. आणि तुम्ही हसून म्हणता, "सेकंडले सेकंडच भेटी ना." आई दाराशी जाऊन म्हणाली, "हळू बोला, ती ऐकी राहिनी." तुम्ही आवाज खाली आणला, पण शब्द परत घेतला नाही. तुमच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे. टेबलावरचा विनोद होता, सगळे चेकर असंच बोलत. ते मला पुरत नाही. मी चहा बाहेर आणून ठेवला, मामाला सांगितलं की मला लग्न करायचं नाही, आणि त्याच आठवड्यात रिंग रोडच्या मार्केटमध्ये एका कॅटलॉगवाल्याकडे कामाला लागले. तुम्ही गेलात तेव्हाही मी तिथेच होते. साड्यांचे फोटो काढत आले. साडी दिसली पाहिजे, पदर दिसला पाहिजे. बाईचा चेहरा हलला तरी चालतो, काठ हलता कामा नये.

आता बाईसुद्धा लागत नाही. मागच्या आठवड्यात शेठ, तोच कॅटलॉगवाला, म्हणाला, "बेन, मॉडल का झंझट खतम. तुम सिर्फ साडी का फोटो निकालो, लडकी कॉम्प्युटर में आ जायेगी. लेट नहीं आती, चाय नहीं मांगती." आजवरच्या रोजंदारीऐवजी त्याने मला पक्की नोकरी देऊ केली आहे. टेबलावर साडी पसरायची, वरून फोटो, पुढची साडी. दिवसभर उभं राहून, उजेडाखालून सरकणारं कापड. त्याला उद्या हो किंवा नाही सांगायचं आहे. पेटीसाठी अहमदाबादचं एक गिऱ्हाईकही उद्याच येणार आहे. नोकरी घेतली तर पेटी घेऊन उपयोग नाही, कारण वेळ उरणार नाही. पेटी घेतली तर साठवलेलं सगळं तिच्यात जाईल आणि शेठचं दार बंद होईल. हे दोन्ही मला नीट कळतं.

मला काय करायचं आहे ते सांगते, कारण तुम्ही विचारलं असतंत. आपल्या गल्लीत दुपारी ओट्यावर बसून बायका साड्यांचे धागे कापतात. त्यांना कॅमेरा डोळ्याला लावलेला माणूस समोर चालत नाही, पदर ओढून घेतात. या कॅमेऱ्यात मान खाली घालून बघायचं असतं. समोरच्या बाईवर नजर रोखलेली नसते. ती हवं तर माझ्याकडे बघेल, हवं तर कात्रीकडे. आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मागे पडदा लावीन, खुर्ची ठेवीन, आणि जिला फोटो हवा ती येऊन बसेल. बाराच फोटो असल्यामुळे मला प्रत्येकीशी आधी बोलावं लागेल. यात धंदा किती, मला माहीत नाही. यात एक खरी बाई असेल.

पेटी मी तुमच्या पद्धतीने तपासली. एकेक लेन्स खिडकीशी धरून आरपार बघितली. मोठ्या लेन्सच्या कडेला बुरशीचा बारीक ठिपका आहे. शटर सावकाशच्या आकड्यावर ठेवलं की उघडतं आणि बंद होताना रेंगाळतं. डब्याच्या झाकणाची रबरी पट्टी वाळली आहे. तुम्ही तीन फुल्या मारल्या असत्या आणि ताका बाजूला टाकला असता. मी फुल्या मोजूनही घेणार आहे. फुली मारण्याचा हक्क तुम्ही मिलकडून घेतला होता, माझ्याकडून नाही. घरी येताना वाटेत मी तुमच्याशी भांडत आले, मोठ्याने, आणि रिक्षावाल्याने दोनदा आरशात बघितलं. हे कागदावर आणल्यावर भांडण छोटं दिसतंय. तरी मी मागे घेत नाही. हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, असता तरी बहुधा पाठवलं नसतं. तुम्ही एकच ओळ वाचून कागद आईकडे दिला असतात.

वरचं काल लिहिलं. आज सकाळी मी रांदेरला गेले आणि पेटी घेऊन आले. काकांनी ती मला खालपर्यंत उचलू दिली नाही, स्वतः उतरवली, आणि दम लागून पायरीवर बसले. मग मी शेठला फोन करून नाही म्हणाले. म्हणताना आवाज कापला. "तबियत ठीक है ना, बेन?" त्याने विचारलं. मी म्हणाले, सर्दी आहे.