राखीच्या दातांचा खुंटा

खामगाव, ९ जानेवारी

ती. काकांस गार्गीचा सा. न. वि. वि.

आपली पेशंट राखी, तिच्या जबड्यात उजव्या बाजूला बसवायच्या स्क्रूचा हिशेब आधी मांडते. वस्तू तांदळाच्या दाण्याएवढी. बसवायला चहा गार होईल इतका वेळ. आणि त्यापायी पोरीचा एक चांगला दात जातो की काय, या धास्तीने मला परवापासून घास उतरत नाही.

तुमच्या दवाखान्यात चूक फोनवर सांगायची नाही, लिहायची. फोनवर माणूस सबबीच जास्त सांगतो म्हणता. म्हणून लिहिते. तुम्ही नागपूरला डॉक्टरांना हेच स्क्रू शिकवायला गेलात. राखीची डावी बाजू करून गेलात, उजवी माझ्यावर सोडलीत. वरवट बकालहून तिचे बाबा उकंडराव सोबत आले होते. तिच्यापेक्षा तेच जास्त थरथरत होते. पोरीले दुखू देऊ नोका बाई, एवढंच घोकत होते. मला दया आली, बधिर करायचं इंजेक्शन सढळ हाताने दिलं. स्क्रू फिरवताना मध्येच जड गेला, पण ती हसत होती, म्हणून रेटला. एक्स-रेत टोक शेजारच्या दाताच्या मुळाला टेकलेलं दिसलं. लगेच काढला. एक्स-रे सोबत आहे.

तो दात मेला, तर मी हे काम पुन्हा हातात घेणार नाही.

तुमची,
गार्गी

नागपूर, १२ जानेवारी

चि. गार्गीस आशीर्वाद.

आधी जेव. मूळ नुसतं खरचटलंय. स्क्रू निघाला की बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. दाताला बर्फासारखा गार बोळा लाव. गार लागलं तर दात जिवंत.

पेशंटचा ‘आई गं’ हा आपला पहारेकरी. तू त्यालाच झोपवलंस. हिरडीपुरतंच बधिर करावं. मूळ जवळ आलं की पेशंट बोलतो, आणि बोलण्याआधी त्याचा श्वास अडतो, तो ऐकावा. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करून शिकलो. पट्टा तुटायच्या आधी यंत्राचा सूर बदलतो, तिथेच कान तयार झाले.

उकंडरावांना मी स्क्रू म्हणजे खुंटा असं सांगितलं होतं: काही महिने हाडात रोवायचा, पुढे आलेले दात त्याला बांधून मागे ओढायचे, काम झालं की उपटायचा. त्यावर ते म्हणाले, खुंटा ढिला असला त ढोरही जाते अन् खुंटाही जाते, डॉक्टरसाहेब! मी छातीवर हात ठेवून सांगितलं, या हातचा खुंटा हलत नाही. काल वर्गातही तेच सांगितलं, टाळ्या पडल्या.

दात जिवंत निघाला तर उजवीकडचा तूच बसव. मी येऊन करणार नाही, रुसलीस तरी.

लोभ आहेच, तो जेवून वाढव.
नीळकंठकाका

खामगाव, १९ जानेवारी

ती. काकांस नमस्कार.

दात जिवंत आहे! परवा बोळा टेकताच राखीने माझा हात झटकला, आणि काऊन छळून राह्यल्या माह्या पोरीले म्हणून उकंडरावांनी मला झापलं. इतकं गोड बोलणं मी आजवर ऐकलं नव्हतं.

मग जेमतेम बधिर करून, जरा वरची जागा धरून सुरुवात केली. मध्येच तिचा श्वास अडला. मी हात थांबवला, तेवढ्यात ती ‘आई’ म्हणालीच. दिशा बदलली आणि स्क्रू लोण्यात गेल्यासारखा गेला. एक्स-रेत मुळापासून चांगला लांब आहे. घरी येऊन तीन भाकरी खाल्ल्या. काकू बघतच राहिली. पुढच्या आठवड्यात आणखी एका पेशंटला बसवायचा आहे, तोही मीच बसवीन.

लोभ असू द्यावा, आणि नागपूरचं आटोपून लवकर यावं.
गार्गी

ता. क. पाकीट बंद करताना आत्ताच राखी येऊन गेली. उजवीकडचा घट्ट आहे. डावीकडचा, तुमचा, काल हुरडा खाताना निघाला.