पाटी आपटायची राहिली

कोपर, डोंबिवली (प.)
११ एप्रिल २०२५

ती. आजोबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पप्पा उद्या कळव्याला येणार आहेत, त्यांच्याकडे हे पत्र देतेय. फोनवर तुम्हाला बोलता येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, तेव्हा पत्रच. माझं अक्षर बघून हसू नका.

अकरावीची परीक्षा संपली आणि गेल्या रविवारी मी ठाण्याला एका युवा नाटकाच्या ऑडिशनला गेलेले. विनिता मॅडम नाटक बसवतायत. साठ मुलं आलेली, घ्यायची होती दहा. तीन मिनिटांत आपल्या घरातलं एक माणूस उभं करून दाखवायचं, स्वतः सोडून. मी आईची तयारी केलेली, बिघडलेल्या मिक्सरशी भांडणारी आई. माझ्या आधी समीक्षा नावाची मुलगी गेली आणि तिनेही आईच केली, तीही मिक्सरसकट! नाव पुकारलं तेव्हा डोक्यात एकदम तुम्ही आलात.

मी तुम्हाला केलं, आजोबा. घशाच्या ऑपरेशननंतरचे तुम्ही. गळ्याला रुमाल, हातात पाटी, मार्केटात वांग्यांचा भाव लिहून विचारताय, आणि भाजीवाला तुम्ही बहिरे असल्यासारखा ओरडून सांगतोय. मुलं हसली. मग मी मान खाली घातली, बाहीने पाटी पुसली आणि तशीच उभी राहिले. मॅडमचे डोळे भरून आलेले. माझी निवड झाली! मॅडम म्हणाल्या, नाटकाचा शेवट ह्याच प्रवेशाने करायचा.

आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे आता लिहिताना कळतंय. रागावू नका हं. आजीला जयभीम सांगा.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
रचना

कळवा
१८ एप्रिल २०२५

चि. रचूस अनेक आशीर्वाद.

ह्यांचं पत्र सोबत आहे, पण आधी माझं वाच. तुझं पत्र वाचून ह्यांनी दोन दिवस पाटीला हातच लावला नाही. मग चौदा तारखेला जयंतीच्या स्टेजवर ह्यांचा सत्कार झाला. एके काळी ह्यांची गायन पार्टी ऐकायला दिव्या-मुंब्र्याहून माणसं यायची, म्हणून. माईकवरचा मयूर म्हणाला, नियतीने ज्यांचा आवाज हिरावला ते आपले बिचारे शिवरामदादा. घरी आल्यावर ह्यांनी शाल कॉटवर फेकली आणि पाटीवर लिहिलं, नियतीने नाही, तंबाखूने. दोन घास खाऊन उठले. हे सगळं एकात एक आलं बघ. त्यांचं लिहिणं मनाला लावून घेऊ नको. उन्हात डोकं झाकून जात जा.

तुझी आजी,
रंभा

कळवा
१८ एप्रिल २०२५

चि. रचनास, अ. उ. आ.

निवड झाली, आनंद वाटला. आता दुसरं.

तू मान खाली घातलीस असं लिहितेस. त्या रामा भाजीवाल्यापुढे मी कधी मान खाली घातली? तो ओरडतो तेव्हा मी पाटी त्याच्या तराजूवर आपटतो. बायका हसतात त्या त्याला, मला नाही. मागे मी त्याला लिहून दाखवलं होतं, माझे कान शाबूत आहेत, तुझी वांगी किडकी आहेत. तेव्हा तू पिशवी धरून शेजारीच उभी होतीस. तरी ठाण्याला जाऊन तू बिचारा म्हातारा उभा केलास, कारण त्याला टाळ्या मिळतात. मी आयुष्यभर स्टेजवर गायलो आहे. लोकांना रडवणं फार सोपं असतं, पोरी.

आवाज माझा गेला. तो चारचौघांत मांडायचा की नाही, हे मी ठरवणार. माझी परवानगी नाही. मॅडमना तसं सांग.

तब्येत सांभाळ. माया होती तेवढीच आहे.

शिवराम

कोपर
२४ एप्रिल २०२५

ती. आजोबांस,
सविनय जयभीम.

सांगितलं मॅडमना. शेवटी आता आर्यन नावाच्या मुलाचा दुसराच प्रवेश आहे. मी गर्दीत उभी आहे. वाक्य एकच, पाणी आलं का?

तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. पाटी आपटणं मी बघितलेलं आणि मुद्दाम सोडलं, कारण मला रडवायचंच होतं. ती माझी चूक. उरलेलं अर्धं मला पटत नाही. आवाज तुमचा एकट्याचा गेला, असं कसं? लहानपणी दर सुट्टीत तुम्ही पार्टीच्या दौऱ्यांचे किस्से सांगायचात, प्रत्येकाचा आवाज काढून. ढोलकीवाल्या भिवाचा, त्याच्या बायकोचा, भिवाला चावलेल्या कुत्र्याचा. आता तोच किस्सा पाटीवर तीन शब्दांत येतो. भिवा पडला. हसलो. संपलं. ऑपरेशननंतर सगळे तुमची विचारपूस करत होते, ते बरोबरच होतं. पण माझंही काहीतरी गेलं होतं, आणि ते कुणीच विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. नक्कल करायला मी तुमच्याकडूनच शिकलेय, आजोबा. मग तुम्हालाच वगळून कुणाची करू?

रागात लिहिलंय. फाडत नाही, पाठवतेय.

रचना

कळवा
२ मे २०२५

चि. रचनास, अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यात तू माझी कीव केलेली नाहीस. सरळ अंगावर आलीस, बरं वाटलं. तुझं काय गेलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. माझं चुकलं.

रविवारी सकाळी ये. मार्केटला जाऊ. पिशवी मी धरतो, तू फक्त बघ, आणि ह्या वेळी सगळं बघ. मग माझी पाटी घेऊन जा. कडेला फुटली आहे, पण वाजते चांगली. मॅडमना म्हणावं, आजोबांची हरकत नाही, माझी परीक्षा पुन्हा घ्या. नाही घेतलं तर गर्दीतलं तुझं वाक्य नीट बोल.

तुझा,
शिवराम

कळवा
१९ मे २०२५

चि. रचनास, अ. उ. आ.

काल मॅडमनी तुझी परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा ठाण्याला मी आलो होतो. तुझ्या पप्पाला, प्रशांतला, मीच सांगितलं होतं, तुला कळू देऊ नको. त्याला लगेच ड्युटीवर जायचं होतं म्हणून न भेटताच निघालो. तू उभी राहिलीस तेव्हा मी अगदी मागच्या खुर्च्यांत होतो.

हात जरा जास्त हलवतेस, तेवढं सुधार. बाकी पाटी आपटल्यावर हॉल हसला आणि तू मान ताठ ठेवून बघत राहिलीस, तेव्हा ते हसू आपोआप विरलं. रडलं कुणी नाही. मॅडमनी तुझा प्रवेश पुन्हा नाटकात घेतला, पण मध्यावर, हे प्रशांतकडून कळलं. शेवट आर्यनचाच राहू दे. त्या पोराने मेहनत केली असेल.

एक सांगायचं आहे. माझ्या शेजारी कुण्या मुलाची आई बसली होती. तिने मला विचारलं, ही मुलगी कोणाची हो? मी तिच्याकडे वळून सांगितलं. चांगलं लांबलचक सांगितलं, असं मला वाटलं. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत वाटच पाहत राहिली, तेव्हा लक्षात आलं. ऑपरेशननंतरच्या दोन वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मग मी तुझ्याकडे बोट केलं आणि माझी छाती दोनदा ठोकली.

तिला कळलं.

आजी आशीर्वाद सांगते. आम्हां दोघांवर तुझा जीव असाच राहू दे.

तुझा आजोबा,
शिवराम